सगळ्या घराची वहिनी

मला सासू नाही, असं समजून माझं लग्न ठरलं. यात माझ्या आईवडिलांची चूक म्हणाल तर एवढीच, की त्यांनी कानांवर विश्वास ठेवला. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नागपूरचं स्थळ सांगून आलं होतं. आमच्या वर्धेकडच्या गावी मला पाहायला तिघं जण आले: मुलगा, त्याचे वडील आणि त्याचे धाकटे काका. वडील फारसे बोलले नाहीत. बोलले ते काका, आणि त्यांच्या बोलण्यात जिथे तिथे एक वहिनी होती. घरचं सारं वहिनी पाहते. पसंती वहिनीला विचारून कळवू. मुलीला तिखट चालतं ना, नाही म्हणजे वहिनीचा हात तिखट आहे. मुलगाही खाली मान घालून एकच वाक्य बोलला, "वहिनी हो म्हणेल."

आईचं नाव कोणी काढलं नाही, आणि माझ्या आईनेही विचारलं नाही. ज्याला आई नाही त्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं, असा तिचा सभ्य विचार. पाहुणे गेल्यावर मात्र तिने देवापुढे साखर ठेवली आणि वडिलांना म्हणाली, "पोरीने नशीब काढलं. सासूच नाही. जाऊ आहे, पण जावेचं काय, उद्या चूल वेगळी मांडता येते." खोटं कशाला बोलू, मीही मनातून हरखले होते.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नागपूरहून मंडळी आली. त्यात एक ठेंगण्या, ठसठशीत बाई होत्या. कपाळावर मोठं कुंकू, अंगावर हिरवं लुगडं. आल्या आल्या त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या, वांग्याच्या भाजीचा रस्सा पळीतून तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाल्या, "मीठ राह्यलं वाटते." सगळे त्यांना वहिनी म्हणत होते. आईने ओळखलं, हीच ती जाऊ. जाऊ जरा वयस्कर वाटत होती, पण शेतावर राबणाऱ्या बायका लवकर रापतात, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. मग अगदी हळुवार आवाजात तिने विचारलं, "मुलाच्या आईला जाऊन किती वर्षं झाली हो?"

वहिनींनी पळी खाली ठेवली. "पोराची आई मीच हाय," त्या म्हणाल्या. "मी काहून जाईन?"

आई पाटावर बसली ती बराच वेळ उठली नाही. खरी पंचाईत पुढेच होती. विहिणीच्या मानाचं लुगडं आम्ही आणलंच नव्हतं. जावेसाठी एक साधं पातळ तेवढं घेतलेलं. शेवटी आईने स्वतःच्या पेटीतलं कोरं इरकली काढून दिलं. वहिनींनी ते पुढे कितीतरी वर्षं नेसलं, आणि माझ्याशी खटका उडाला की मुद्दाम तेच नेसून अंगणात बसायच्या. कोणी विचारलं की सांगायच्या, "हिच्या मायनं देल्लं. माह्यासाठी नोतं आनलं, पन देल्लं."

आता खुलासा करते. वहिनी चौदाव्या वर्षी लग्न होऊन हुडकेश्वरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरात आल्या. सासू आधीच गेलेली, घरावर आजेसासूचा अंमल, आणि लहान लहान दीर. दीर त्यांना वहिनी म्हणत. पुढे पोटचा मुलगा झाला तोही वहिनी म्हणू लागला. मग गडी, शेजारी, दूधवाला, आणि ते कुटुंब शहरात नंदनवनच्या बाजूला घर बांधून आलं तेव्हा तिथला वाणीसुद्धा. अशी घरं तेव्हा पुष्कळ होती. कुठे आईला काकू म्हणत, कुठे वडिलांना भाऊ. त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वाटायचं ते मला, कारण माझ्या माहेरी आईला आईच म्हणायची रीत होती.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू? आई म्हणू?"

"तुही माय जित्ती हाये ना?"

"हो."

"मंग तिचं तिच्यापाशी राहू दे. सारे म्हनतेत थे म्हन."

अशी मी जन्मभर सासूला वहिनी म्हणत राहिले. बाजारात लोक आम्हाला नणंद-भावजय समजत. भाजीवाल्याने तसं म्हटलं की मी दुरुस्त करायला तोंड उघडायची आणि वहिनी माझ्या कोपराला चिमटा काढायच्या. घरी येऊन जेवताना सगळ्यांना ऐकवायच्या, की आज भाजीवाल्यानं मले हिची भावजय म्हटलं, आता हे एवढी म्हातारी दिसते त मी काय करू. त्या माझ्याहून जवळजवळ तीस वर्षांनी मोठ्या होत्या.

राज्य मात्र त्यांचंच. डाळीचे गोळे घातलेल्या गोळाभातावर कच्चं तेल किती घालायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊक आणि डॉक्टरांना ठाऊक असू नये अशी त्यांची इच्छा. दुपारी चंगाअष्ट खेळताना कवड्या पडल्या की त्या आधी पदर पसरायच्या आणि मग दान वाचायच्या. पदराखालून त्यांना पाहिजे तेच दान निघायचं. कोणी हरकत घेतली की म्हणायच्या, "माह्यावर भरोसा नाही त माह्या हातचं जेवता काहून?" आम्ही सगळेच त्यांच्या हातचं जेवत होतो.

चार-पाच वर्षांनी मला मुलगी झाली. धाकटे काका आमच्याच अंगणातल्या पलीकडच्या खोल्यांत राहत. तेच माझ्या पाहणीला आलेले, वहिनीपुराण सांगणारे. त्यांची मुलं मला नवी वहिनी म्हणत. माझी लेक दीड वर्षाची झाली, तिला शब्द फुटले, आणि एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "नई वैनी, पानी."

मी हातातला पोळपाट आपटला. तो दुभंगला. संध्याकाळी हे कचेरीतून आले तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, तुमच्या घरात बायका बाळंत होतात, आया होत नाहीत. हे शांतपणे म्हणाले, "लहान आहे. मोठी झाली की कळेल." मी म्हटलं, "तुम्हाला कुठे कळलंय अजून?" त्यावर ते पायमोजे काढत बसले. आमच्या ह्यांची ही पद्धतच होती. काही अवघड आलं की पायमोजे.

वहिनींनी सगळं ऐकलं होतं. त्या घरात त्यांनी ऐकलं नाही असं काही घडतच नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाला ओसरीवर त्या संत्र्यांची टोपली घेऊन बसल्या. नातीला मांडीवर घेतलं आणि मला समोर बसवलं. संत्रं सोलून, फोडीवरचे पांढरे दोरे काढून, बिया काढून, त्यांनी फोड नातीच्या तोंडापुढे धरली.

"हे कोन हाये?"

"नई वैनी."

फोड मागे गेली. "आई म्हन. आई."

पोरीने भोकाड पसरलं. वहिनी ढिम्म. पुन्हा विचारलं, पुन्हा फोड मागे. मला वाटलं, आता हे शाळेसारखं दुपारपर्यंत चालणार. पण माझी लेक खाण्याच्या बाबतीत हुशार होती. आई म्हटलं की संत्रं मिळतं, एवढं तिला उमगलं. कोणाला म्हणायचं, तेवढं राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. फोड ज्या हातात होती तो हात धरून, वहिनींच्या तोंडाकडे पाहत ती म्हणाली, "आई."

वहिनींचा हात थांबला. मग त्यांनी ती फोड तिला भरवली. दुसरी सोलली. "आई," पोरगी पुन्हा त्यांनाच म्हणाली. दुसरीही भरवली. मी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत राहिले. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या खेपेला वहिनींनी नातीची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. "मी नाही वं बाई. थे. तुही आई थे हाये." आणि ती फोड माझ्या हातात दिली. आधीच्या दोन फोडींवरचं 'आई' त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

त्या दिवशी बोलणं झालं ते दुसरंच. पोरगी हात चिकट करून खेळायला पळाली आणि वहिनी साली गोळा करता करता सांगू लागल्या.

"मी आली तवा हा लहाना दीर दोन वर्साचा होता. माह्याच जवळ निजे. बोलाले लागला त मले आई म्हने. आजेसासूनं आयकलं. तोंडावर मारलं त्याच्या. म्हने, तुही आई मेली, हे वहिनी होय. तीन वर्साचं पोट्टं नसन. मंग त्यानं म्हटलं नाही कधी."

पलीकडच्या खोलीतून धाकट्या काकांचा खोकला ऐकू येत होता.

"मंग माहा पोरगा झाला. थो बोलाले लागला तवा लहाना आठ-नऊ वर्साचा असन. माह्या पोराच्या तोंडून आई निघालं का हा कोपऱ्यात उभा राहून पाहे. भांडे नाही, रडे नाही. नुस्ता पाहे. मंग मीनंच माह्या पोराले वहिनी म्हनाले शिकवलं."

"तुम्ही शिकवलं?"

"मंग कोन? लेकरू काय आपोआप शिकते?"

इतके दिवस मी समजत होते की ही घराची सवय आहे, चुकून पडलेली. मी विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं नाही, की कोणी आई म्हणावं?"

"वाटलं काहून नाही. आताही वाटते. गल्लीत कोन्या पोरानं आई म्हनून आवाज देल्ला का मान वळते माही." मग सालींची टोपली माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता कोन म्हनते वं. जाय, हे वाळू घाल."

मला त्यांची दया आली असं म्हणणार नाही. दया यावी अशी ती बाईच नव्हती. मला राग आला. आजेसासूचा, काकांचा, ह्यांचा, सगळ्यांचा थोडा थोडा. आणि मी हट्टाला पेटले, की ही बाई जायच्या आधी तिच्या मुलाच्या तोंडून एकदा तरी आई ऐकेल.

ह्यांना मी सगळं सांगितलं, थोबाडीत मारल्याची गोष्टसुद्धा. त्यांनी पायमोज्यांना हात लावला नाही. म्हणाले, "म्हणून पाहतो." आणि खरंच त्यांनी सराव सुरू केला. सकाळी आरशापुढे दाढी करताना गालाला साबण लावून ते हळूच "आई, आई" म्हणायचे, कधी मोठ्याने, कधी खालच्या सुरात. मग टॉवेलने तोंड पुसून बाहेर जायचे आणि मला ऐकू यायचं, "वहिनी, चहा झाला का?" तिशी ओलांडलेला माणूस, कचेरीत चार लोक हाताखाली, आणि दोन अक्षरं घशातून निघेनात.

मग मी पोळ्याचा दिवस हेरला. त्याच दिवशी पिठोरी असते. आई खीर-पुरीचं ताट खांद्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि विचारते, अतीत कोण, म्हणजे अतिथी कोण? मूल मागून येतं, मी म्हणतं आणि पुरी घेतं. आमच्या घरी हा सोहळा पाहण्यासारखा असे, कारण मागे उभी राहणारी मुलं टक्कल पडायला आलेली. आधी धाकटे काका, मग हे. मी ह्यांना पढवून ठेवलं. आज ती तुमच्याकडे पाठ करून असणार, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. नुसतं म्हणायचं, मी आहे, आई.

"अतीत कोन?" वहिनींनी विचारलं.

"मी, वहिनी," काका म्हणाले. पुरी घेतली आणि तिथेच बाजूला उभे राहून खाऊ लागले.

"अतीत कोन?"

हे पुढे झाले.

"अतीत कोन गा? खीर थंडी होऊन राहिली."

मी मागून ढोसलं. ह्यांनी एकदा काकांकडे पाहिलं. काका खीर लागलेली बोटं चाटत, कौतुकाने पुतण्याची वाट पाहत होते. "मी, वहिनी," हे म्हणाले.

दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी बोलले ती भांडायलाच. दोन अक्षरं होती, म्हटलं, आणि तीही जमली नाहीत. ते म्हणाले, "काका उभे होते ना."

ज्या पोराला वहिनींनी एका दुसऱ्या पोरासाठी तो शब्द विसरायला लावला, ते पोर तेच सांभाळत बसलं होतं. मी माघार घेतली नाही, पण घाई सोडली.

ह्या वहिनी म्हणण्याचा एक चमत्कारिक परिणाम कचेरीत दिसला. वहिनींच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन ठरलं आणि हे रजा मागायला साहेबांकडे गेले.

"वहिनीचं ऑपरेशन आहे," ह्यांनी सांगितलं.

साहेब म्हणाले, "तुमचे भाऊ कुठे बाहेरगावी असतात का?"

"मला भाऊ नाही."

"वारले?"

"नाही. नव्हतेच कधी."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. भाऊ नाही आणि वहिनी आहे, हा हिशेब त्यांना लागेना. बरं, आमच्या ह्यांनी तेव्हा तरी सांगावं की ती माझी आई आहे? नाही. ते लाजले आणि लाजून उभे राहिले, त्यामुळे भलताच संशय बळावला. साहेबांनी काहीही न विचारता रजा मंजूर केली आणि पुढे कित्येक महिने कचेरीतले लोक ह्यांच्याकडे नव्या आदराने पाहत असत. डोळ्याला पट्टी बांधलेल्या वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की पट्टी ओली झाली आणि डॉक्टर आमच्यावर रागावले.

वर्षं गेली. सासरे गेले. हुडकेश्वरकडच्या वावरात आधी चुन्याच्या रेघा आल्या, मग प्लॉट, मग घरं. घरात कूलर आला. त्याच्यापुढे नेमकी वहिनींची खाट पडली. हवा साऱ्यांनाच लागते, असं त्या सांगत. लागत होती त्यांच्या पाठीला आणि पाठीमागून उरलीसुरली आम्हाला. माझी लेक मला आई म्हणत मोठी झाली, तिचं लग्न झालं. काकू गेल्यावर धाकटे काका एकटे पडले. उरलेल्या तुकड्यातली तूर घेऊन कळमन्याच्या बाजाराला जायचे आणि परतताना आधी वहिनींकडे चहाला. ते साठी ओलांडलेले, वहिनी पंचाहत्तरीच्या पुढे, आणि त्या त्यांना रोज विचारायच्या, "टोपी घातली होती का उनात?" काका रोज हो म्हणायचे. टोपी खिशात असायची.

माझा हट्ट मी सोडला नव्हता, पण खरं सांगायचं तर मला आता भीती वाटू लागली होती. आई म्हणवून घ्यायला बाई शिल्लक राहायला हवी. एका मे महिन्यात त्या ओसरीवर बसल्या बसल्या कलंडल्या. दवाखान्यात नेलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. त्या दवाखान्यातून वहिनी घरी परत आल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण आम्हाला मधले काही दिवस मिळाले, आणि ही गोष्ट त्यातल्या एका दुपारची.

सोबतीला मी खोलीत बसले होते. वहिनी डोळे मिटून पडलेल्या. दाराबाहेर नर्सचा आवाज आला. कडक बाई होती. आत एका वेळी सोबतीण आणि आणखी एक जण, असा तिचा नियम.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"दीर," धाकटे काका म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मला वहिनीला भेटायचं आहे," हा आवाज ह्यांचा.

"दिरांनी संध्याकाळी यायचं. आता फक्त मुलाला सोडते. यांना मुलगा नाही का?"

मी कपाळावर हात मारून उठले, म्हटलं आता मलाच जाऊन सांगावं लागणार. तेवढ्यात हे बोलले.

"आहे ना. हे काय, हे थोरले. यांना जाऊ द्या आत."

"आत्ता तर हे दीर म्हणाले."

"आमच्याकडे तसंच म्हणतात."

दार उघडलं आणि काका आत आले. या खेपेला टोपी डोक्यावर होती; ती त्यांनी काढून हातात घेतली. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"थ्या नर्सले सांगतलं," ते म्हणाले, "का मी पोरगा हाय."

"मंग?" वहिनींनी डोळे न उघडता विचारलं.

"मंग काही नाही." काका टोपी चुरगाळत राहिले. मग खाटेच्या दांडीला धरून उशाशी गेले, खाली वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "आई."

वहिनींनी डोळे उघडले. मला वाटलं त्या हसतील, काहीतरी खवचट बोलतील. त्यांनी हात वर केला, सुईची पट्टी लावलेला, आणि काकांच्या पांढऱ्या खुंट वाढलेल्या गालावर ठेवला.

"लय लागलं होतं का गा तवा?"

तीन वर्षांच्या पोराला आजेसासूचा तो मार काय आठवणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वहिनीसुद्धा.

"लय नाही," काका म्हणाले.

मी तोंडात पदर कोंबून खिडकीकडे वळले. थोड्या वेळाने काका टोपी घालून दारापर्यंत गेले आणि बाहेर मान काढून म्हणाले, "ये गा तू आता. मी बसतो अथी." नर्सने कोणता मुलगा म्हणून विचारलं असावं, कारण काका तिला म्हणाले, "हा खरा हाये, बाई."

हे आत आले. आरशापुढचा सगळा सराव त्यांच्या तोंडावर दिसत होता. वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता त्यांना कोणाचं मन राखायचं उरलं नव्हतं, आणि ह्यांनाही. तरी ते नुसते उभे. मी ह्यांच्याकडे पाहून भुवया उडवल्या, मग तिपाईवरच्या फुलपात्राकडे बोट केलं, नाहीतर तो माणूस अजून तिथेच उभा असता.

"आई," हे म्हणाले, "पाणी देऊ का?"

"दे," वहिनी म्हणाल्या.

ह्यांनी फुलपात्र एवढं कलतं केलं, की निम्मं पाणी वहिनींच्या गळ्यावरून उशीत गेलं. मी पुसायला धावले. त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

"साठीले आला," त्या म्हणाल्या, "पानी पाजता येत नाही याले."

हे फुलपात्र घेऊन तसेच उभे राहिले. वहिनींनी दोन घोट गिळले, श्वास घेतला आणि डोळे ह्यांच्यावरच ठेवून म्हणाल्या, "इचार पुन्हा."

ह्यांनी पुन्हा विचारलं.